सैल झाकणाचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या श्रावणात माझी आई गेली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले आणि माझी झोप उडाली. रात्री दोन-अडीचला टक्क जाग यायची. अशाच एका रात्री माळ्यावरची ट्रंक उघडली, तर आईच्या कागदपत्रांखाली आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, डायऱ्या निघाल्या.

मला वाटलं, काहीतरी मनातलं वाचायला मिळेल. कसलं काय! दूध अर्धा शेर. धोब्याला कपडे सात, आले सहा. रॉकेल मिळालं नाही. पानामागून पानं हेच. पण त्या सातव्या कपड्याचं पुढे काय झालं, ते शोधत मी पानं उलटत राहिले आणि बऱ्याच दिवसांनी पहाटे माझा डोळा लागला. मग तो रोजचा परिपाठच झाला.

१९६१ची डायरी हातात आली, ती फुगून दुप्पट झालेली. आजीचं बिऱ्हाड पुण्यात नदीकाठच्या पेठेतल्या एका वाड्यात, तळमजल्यावर. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. ११ तारखेपर्यंतची निळी शाई पसरून पानांवर नुसते ढग उरलेत. पुढची आठ पानं कोरी. मग २० तारखेला त्याच वाळवलेल्या, पापडासारख्या कडक पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, "गाळ काढला. पितळी डबा सापडला. झाकण नाही."

एवढंच. भीती नाही, रडणं नाही, देवाला बोल नाही. त्याच्याखाली एक ओळ, "बेबी गाळात खेळते. ऐकत नाही."

बेबी म्हणजे माझी आई. तेव्हा आठ वर्षांची. शेवटच्या दोन महिन्यांत तिला कूस बदलायलाही माणूस लागायचं, आणि डोळे मिटले की मला तेवढंच दिसायचं. त्या रात्री मात्र गुडघाभर चिखलात नाचणारी, हाका मारल्या तरी न येणारी एक पोर समोर आली. मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या खोलीतून हे धावत आले, "अगं, काय झालं?" काय सांगणार!

पुढे कित्येक पानं पाण्याचीच. नळ नाही. विहिरीवर रांग. दोन हंडे. आणि ऑक्टोबरात एके दिवशी, "डब्याला जुन्या बाजारातून झाकण आणलं. सैल बसतं."

हा डबा मला चांगला ठाऊक होता की हो! आईच्या घरी त्यात पोहे असायचे. कितीदा म्हटलं असेन, "आई, टाक गं तो आता, मुंग्या शिरतात." ती म्हणायची, "असू दे."

आता तो माझ्या ओट्यावर आहे. मुंग्या शिरतातच. ताटलीत पाणी घालून त्यात ठेवलाय.