'नव्या संचात' डीप पर्पल

मंडळी, विषय तुम्हाला माहितीये, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा १९९६चा अल्बम, 'पर्पेंडिक्युलर'. एकेक गाणं घेऊन बोलणार असं मी संयोजकांना कबूल केलंय, पण यात जुना गिटारिस्ट ब्लॅकमोर नाही, आधी त्याचं काय ते उरकून घेऊ, कारण मागच्या रांगेत दोघंतिघं आत्तापासूनच हात वर करायच्या तयारीत आहेत, दिसतंय मला.

तर रिची ब्लॅकमोर. थोर माणूस, वादच नाही. गिटारच्या कुठल्याही दुकानात जा, कोणीतरी पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवत असतोच, आणि बहुतेक वेळा चुकीचं, कारण हा पिकने झोडपतो आणि ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम उचलतो. त्यामुळे माझं भांडण ब्लॅकमोरशी नाही, त्याच्या भक्तांशी आहे. माझा एक मित्र आहे, नाव नको, तो म्हणतो ९३ नंतरचं पर्पल मी ऐकतच नाही. अरे, ऐकत नाहीस तर वाईट कसं म्हणतोस? तर म्हणे, ऐकायची गरजच नाही.

बरं, ९३ला झालं काय ते तरी ऐका. नोव्हेंबर महिना, बर्मिंगहॅमचा शो, व्हिडिओ शूटिंग चालू. 'हायवे स्टार' सुरू झालं आणि गिटारिस्ट स्टेजवरच नाही. तिघं आपले वाजवतायत, गिलन गातोय, आणि साहेब उगवले ते थेट सोलोच्या वेळी, त्यातही कॅमेरावाला आपल्या बाजूला दिसला म्हणून त्याच्यावर पाणी फेकलं. हे सगळं रेकॉर्डेड आहे बरं का, मी मनचं सांगत नाहीये. आठवड्याभराने, १७ नोव्हेंबरला, हेलसिंकीत शेवटचा शो वाजवून माणूस बँड सोडून गेला, जपानचा दौरा तोंडावर असताना! तो निभावला जो सॅट्रियानी या दुसऱ्या गिटारिस्टने. हे सांगितलं की मित्र म्हणतो, कलाकार असाच असतो. असेल बाबा, पण बाकीच्या चौघांनी काय कलाकारी सोडून वखार घातली होती?

आपल्याकडे नाटकाची जाहिरात येते बघा, 'नव्या संचात'. मग पहिल्या रांगेतले काका नव्या नटाचं एंट्रीचं वाक्य व्हायच्या आत मान हलवतात, "मूळ संचातली मजा नाही." ब्लॅकमोरच्या जागी आलेल्या स्टीव्ह मॉर्सला हे काका २८ वर्षं भेटले. ९४ला आला, २०२२ला बायकोच्या आजारपणामुळे बाहेर पडला. ब्लॅकमोरची ६८ ते ७५ आणि ८४ ते ९३ अशी दोन्ही इनिंग मिळून भरतात सोळा. आणि २०१६मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पर्पलला घेतलं तेव्हा यादीत मॉर्स नाहीच! पहिल्या तीन अल्बमचा गायक रॉड इव्हान्स आहे, चांगलंच आहे, पण तोपर्यंत बावीस वर्षं वाजवणारा माणूस नाही? मला तर अजून राग येतो.

आणि यात आपण मुंबईकर नशीबवान, सांगायचंच राहिलं. ८ एप्रिल १९९५ला पर्पल मुंबईत वाजवून गेलं, नवीन गिटारिस्टला घेऊन, अल्बम यायला दहा महिने होते आणि त्यातली एकदोन गाणी त्या रात्री इथे वाजली. म्हणजे इंग्लंडातल्या भक्तांनी नाकं मुरडायच्या आधी आपल्या पब्लिकने ती ऐकून टाळ्याही दिल्या होत्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पळतो.

मुद्दा असा की बँडने मॉर्सला ब्लॅकमोर व्हायला लावलं नाही आणि तोही झाला नाही. मुळात तो डिक्सी ड्रेग्स या बँडचा, मध्ये गिटार बाजूला ठेवून चक्क विमान कंपनीत पायलट होता. पहिलंच गाणं घ्या, 'टेड द मेकॅनिक', रिफमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, मध्येच चिरकणारे हार्मोनिक्स, म्हणजे तारेचे उंच स्वर आहेत, ब्लॅकमोर असं काही वाजवायचा नाही, आणि त्यावर गिलन गात नाही, अर्धं बोलतोच, एका मेकॅनिकची गोष्ट सांगतो, त्याला किंचाळायची सक्ती नाही. 'रोझाज कँटिना'त तर गिटार मागे आहे, ग्लोव्हरचा बास आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन गाणं ओढतात. 'एव्हिएटर' अकूस्टिक, लोकगीताच्या अंगाचं. बारा गाण्यांचं श्रेय पाचही जणांच्या नावावर, प्रोड्युसर म्हणून बाहेरचा कोणी नाही, स्वतः बँडच. म्हणून माझं म्हणणं, हा अल्बम ब्लॅकमोरच्या काळातल्या 'मशीन हेड'शेजारी ठेवून तोलूच नका, नवीन बँडचा पहिला अल्बम म्हणून ऐका. सगळी बारा भारी नाहीत, 'कासल फुल ऑफ रास्कल्स' मी स्वतः पुढे ढकलतो. पण ७५ला ब्लॅकमोर पहिल्यांदा गेला तेव्हा टॉमी बोलिनला आणलं, एक अल्बम झाला आणि ७६ला बँडच मोडला, बिचारा बोलिनही त्याच वर्षी गेला. ९४ला तसं झालं नाही, याचं कारण मला या अल्बममध्ये ऐकू येतं. पेसचं ड्रमिंग बोलायचंच राहिलं, ते पुढच्या वेळी.

आता 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' ऐकवतो, साडेसात मिनिटांचं आहे. अध्यक्ष म्हणतायत पाचच मिनिटं उरलीत, सोलोपासून लावा. नाही हो, ती सुरुवातीची गिटार सोडून कसं चालेल? पहिल्यापासूनच लाव रे, चहा थांबेल.