ओंकालो : एक लाख वर्षांचे भुयार

पडद्यावर दिसणारा हा उतरता रस्ता फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओल्किलुओतो बेटावरील आहे. वळणे घेत तो 400 मीटरहून अधिक खोल, सुमारे 190 कोटी वर्षे जुन्या खडकात उतरतो. अणुभट्ट्यांत वापरून झालेले किरणोत्सारी इंधन येथे कायमचे पुरले जाणार आहे. जागेचे नाव ओंकालो, अर्थात पोकळी. खोदकाम 2004 मध्ये सुरू झाले. हिशेब मात्र एक लाख वर्षांचा आहे, कारण इतका दीर्घ काळ हा कचरा सजीवांपासून दूर ठेवायचा आहे.

इंधनाचे गज बिडाच्या साच्यात बसवले जातात, त्यावर पाच सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे नळकांडे चढते, आणि ते खडकातील उभ्या विवरात उतरवून भोवती बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी, भेगा आपसूक बुजवणारी माती ठासली जाते. प्राणवायू नसलेल्या खोल भूजलात तांबे अतिशय सावकाश झिजते. अमरपट्टा घेऊन कोणी जन्माला येत नाही म्हणतात. येथे तो कचऱ्याला बांधावा लागला आहे.

या काळात हिमयुग येईल, हे अभियंत्यांनी गृहीतच धरले आहे. मागील हिमयुगातील बर्फाच्या भाराने दबलेली येथील जमीन अजूनही वर्षाला काही मिलिमीटर वर येत आहे.

बर्फाचे गणित तरी मांडता येते. माणसाचे येत नाही. ‘येथे खणू नका’ हे कोणत्या लिपीत लिहावे? मानवाची लेखनकलाच जेमतेम पाच हजार वर्षांची, आणि आपल्या पणजोबांचे मोडीतील खरेदीखत वाचायला आज जाणकार शोधावा लागतो. अमेरिकेत 1981 मध्ये या प्रश्नासाठी अभ्यासगट नेमला गेला, तेव्हा चिन्हविज्ञानाचे अभ्यासक थॉमस सिबिओक यांनी दंतकथा आणि विधींतून ही भीती पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवणारे ‘अणुपुरोहित’ सुचवले. कल्पना वेडगळ वाटते खरी. परंतु सह्याद्रीतल्या देवराईत कुऱ्हाड चालवू नये, ही आज्ञाही कोणत्या फलकावर लिहिलेली नव्हती. अर्थात रस्ता आला, लाकडाला भाव आला, तेव्हा देवाचा धाक पुरला नाही, अशाही देवराया आपण पाहिल्या आहेत.

फिनलंडने पहाऱ्यावर भिस्त ठेवलेलीच नाही. भुयारे भरून बुजवायची, आणि पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही तरी बिघडू नये, अशी ही रचना आहे. भरण्याचे काम सुमारे शंभर वर्षे चालेल. शेवटचे तोंड बंद करणारे कामगार अजून जन्मायचे आहेत.