शीर सिंकमध्ये गेली!

(मुलुंडमधल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘ओट्यासाठी संगमरवरी शिरांचा क्वार्ट्झ : प्रकार आणि निवड’. छापून आल्यावर वाटलं, याला येणार कोण? पण सभागृह भरलंय. म्हणजे मुलुंडातल्या निम्म्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्यात! (हशा) ज्यांची गेलीय त्यांनी हात वर करा बघू. आणि ज्यांची कधीच गेली नि अजून भाड्यानेच राहताय, त्यांनी दोन्ही. (मोठा हशा)

आपल्या आई-आज्ज्यांचा ओटा कडप्प्याचा. आंध्रातून येणारा काळा चुनखडक. त्यावर लिंबू कापून ठेवलं, चिंचेचा कोळ सांडला, की तेवढ्या जागेची चकाकी जायची. मग खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं आणि गप्प बसायचं. पुढे ग्रॅनाइट आला. ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा तो काळा, सोनेरी ठिपक्यांचा. बिल्डिंगच्या बिल्डिंगी त्याने काळ्या केल्या. त्यावर झुरळ दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण. हसू नका, हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलंय. आता सगळ्यांना पांढरा ओटा हवा आणि त्यावर राखाडी शिरा हव्यात, कारण मोबाइलवर तसे ओटे दिसतात. त्या फोटोतल्या ओट्यावर एक वाडगा आणि तीन लिंबं असतात. मिक्सर नाही, पाण्याचं पिंप नाही, डब्यांची चळत नाही. तिथे कोणी जेवतं का, हेच कळत नाही.

अस्सल इटालियन मार्बल ओट्याला लावायचा हट्ट मात्र सोडा. मायकलअँजेलोने डेव्हिड ज्या काराराच्या दगडात कोरला, तो आपल्या घरी असावा हे मला समजतं. पण डेव्हिडच्या अंगावर कोणी सोलकढी सांडत नाही. (हशा) संगमरवर म्हणजे कॅल्साइट. आंबट लागलं की तो खाल्ला जातो, आणि हळद आत मुरते ती वेगळीच.

म्हणून क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड. वजनाने साधारण ९० टक्के किंवा थोडा जास्त क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा, बाकी पॉलिएस्टर रेझिन आणि रंग. लोणावळ्याची चिक्की डोळ्यांपुढे आणा : दाणे क्वार्ट्झचे, गूळ रेझिनचा. हे मिश्रण निर्वात जागेत, कंपनं देत दाबायचं आणि मग भट्टीत घट्ट करायचं, ही पद्धत इटलीतल्या ब्रेटन कंपनीची. जगभरचे कितीतरी कारखाने तीच वापरतात. डोंगरातल्या संगमरवरात शिरा येतात त्या माती, लोह, कार्बन अशा भेसळीमुळे. चुनखडक जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने पालटतो तेव्हा ती भेसळ ओढली, दुमडली जाते. इथे ते काम यंत्र करतं. रोबोचा हात मिश्रणात चर पाडतो आणि त्यात रंग भरतो. चर कुठून कुठे जाणार हे आधीच ठरलेलं. त्यामुळे एका डिझाइनचे शंभर स्लॅब निघाले तर शंभरांवर जवळपास तीच रेघ. तुमच्या ओट्यावरची निसर्गाची किमया चौथ्या मजल्यावरही आहे.

आता माझी खरी तक्रार. दुकानात तुम्हाला काय दाखवतात? चार इंची तुकडा. स्लॅब असतो साधारण १० फूट बाय ५ फूट. कॅलाकट्टा म्हणून जी जाड शीर विकतात, ती त्या अख्ख्या स्लॅबभर तिरकी जाते. चार इंचात ती दिसणार कशी?

गिरगावातल्या एक काकू माझ्याकडे आल्या. ओटा आठ फुटी, रुंदी नेहमीची दोन फूट. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून त्यांनी तुकडा आणला होता, त्यात कोपऱ्यातून एक सोनेरी रेघ. तो तुकडा त्या पर्समध्ये घेऊन फिरल्या. पडद्यांना लावून पाहिला, ट्रॉल्यांना लावून पाहिला, जावेच्या टाइल्सना लावून पाहिला. मी म्हटलं, काकू, स्लॅब उभा करून बघू. दुकानदार म्हणाला, “मॅडम, सेम टू सेम येतो.” स्लॅब कुठे आहे? गोडाऊनला. गोडाऊन कुठे? भिवंडीला. काकूंच्या यजमानांचे गुडघे दुखत होते, भिवंडी राहिली.

स्लॅब आला. लिफ्टमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून खाली पार्किंगमध्ये कापायला घेतला. कारागीर कामात चोख. पण त्याला माप दिलेलं भिंतीपासून, त्याने पेन्सिलने सिंक आखलं, शेगडी आखली आणि कटर लावला. शीर कुठून जाते हे बघ, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शीर डावीकडून ऐटीत आत शिरली आणि सरळ सिंकमध्ये गेली! (हशा) उरली ती चार बोटं, सिंक आणि भिंतीच्या मधली. जिथे भांड्यांचा साबण असतो ना, तिथे. बाकी ओटा पांढराफटक. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, “क्लीन लुक आलाय, मॅडम.”

पण काकू गिरगावच्या. त्यांनी एकच विचारलं, “आमचा कापलेला तुकडा कुठाय?” तो टेम्पोत चढला होता. काकू चपला घालून खाली गेल्या, टेम्पोवाल्याला थांबवलं, तुकडा उतरवून घेतला, कडांना पॉलिश करून घेतलं. आता त्यावर त्यांचं देवघर आहे. सबंध मुंबईत मी पाहिलेली सगळ्यात सुंदर सोनेरी शीर बाळकृष्णाच्या पायाखाली आहे. (टाळ्या) स्क्वेअर फुटाचे पैसे तुम्ही भोकाचेही मोजलेले असतात, मंडळी. तुकडा मागा.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. अहो, मी तर आत्ता विषयाला हात घालत होते! बरं, भराभर सांगते.

आधी प्रकार. कारारा म्हणजे बारीक, धुरकट, सगळीकडे विखुरलेल्या राखाडी शिरा. आपल्या लहान ओट्याला हा सगळ्यात सोयीचा, कुठेही कापा, फार बिघडत नाही. स्टॅचुआरिओ जास्त पांढरा, शिरा ठळक पण मोजक्या. कॅलाकट्टाची शीर सगळ्यात मोठी, आणि तो शोभतो सलग मोठ्या जागेत. मार्क्विना काळा, त्यावर पांढऱ्या रेघा. क्वार्ट्झमध्ये ही सगळी नुसती नावं आहेत; एका कंपनीचा कॅलाकट्टा दुसरीच्या स्टॅचुआरिओसारखा निघतो. नाव विसरा, स्लॅब बघा. एल आकाराचा ओटा असेल तर तिरकी शीर कोपऱ्यातल्या सांध्यावर तुटते, तेव्हा दोन्ही पट्ट्या कशा लावणार ते कापायच्या आधी खडूने आखून घ्या.

दुसरं, कड बघा. स्वस्त मालात शीर वरच्या थरापुरतीच असते. सिंकच्या कडेला आणि पुढच्या मोल्डिंगला ती गायब होते. आरपार शीर हवी असेल तर तसं बिलावर लिहून घ्या.

तिसरं, उष्णता. चिक्कीतला गूळ विसरू नका. तळणीची कढई, तापलेला तवा थेट ठेवलात तर रेझिनवर डाग पडतो, कधी तडाही जातो. ग्रॅनाइटची सवय इथे चालत नाही. उन्हात रेझिन पिवळं पडतं, म्हणून ड्राय बाल्कनीत तर नकोच.

आणि धूळ. हे घाईत सांगायला नको होतं, पण सांगते. दगड कापताना उडणारी ही धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. दगड कापणाऱ्या कामगारांना तो होऊ लागला म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी आणली. आपल्याकडे कारागीर तोंडाला रुमाल बांधून पार्किंगमध्ये कोरडाच कटर चालवतो. ती धूळ रुमालाने अडत नाही. पाणी सोडूनच कापायला लावा, आणि शक्यतो सिंक-शेगडीची भोकं वर्कशॉपमध्येच पाडून आणा. त्यासाठी मापं पक्की लागतात, म्हणजे आधी सिंक आणि शेगडी विकत घ्यायची, दगड शेवटी. आपण नेमकं उलटं करतो...

हो हो, थांबते. माइक घ्या.