मला ‘आत ये’ म्हण

मित्रहो, भयकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पडका वाडा येतो, परसातला आड येतो, अमावास्या येते. मी धारपांच्या कथा वाचत मोठा झालो, त्यामुळे मला तर अंधार लागतोच. म्हणून स्वीडिश लेखक योन आयविदे लिंडक्विस्ट यांची ‘लेट द राइट वन इन’ ही २००४ सालची कादंबरी हातात घेतली आणि पहिल्या पानांवरच अडखळलो. तिथे वाडा नाहीच. स्टॉकहोमच्या पश्चिमेला असलेलं ब्लाकेबर्ग हे उपनगर आहे. १९५० च्या दशकात आखून-मोजून बांधलेलं, भुयारी रेल्वेचं स्टेशन, इमारती, मुलांना खेळायला पटांगण. लेखक सुरुवातीलाच सांगतो की इथे चर्चसुद्धा नाही. ज्या वस्तीला भूतकाळच नाही, तिथे भूत येणार कुठून?

ते येतं. १९८१ च्या थंडीत बारा वर्षांच्या ऑस्करच्या शेजारच्या घरात एली राहायला येते. ऑस्करला शाळेतली मुलं छळतात, ते मोठ्या माणसांपैकी कुणाला दिसत नाही. एली व्हॅम्पायर आहे, रक्तावर जगते, तेही दिसत नाही. एवढ्या इमारतींमध्ये एकमेकांशी खरं बोलतात ती ही दोघंच, मधल्या भिंतीवर टकटक करून, मोर्स कोडमध्ये. मला भीती वाटली ती एलीच्या दातांची नाही. घरात हीटर आहे, शाळा चांगली आहे, आणि मुलाच्या गालावरचा वळ कशाचा, हे खोलात जाऊन विचारणारं कुणी नाही, याची वाटली. लिंडक्विस्ट स्वतः याच वस्तीत वाढले. ते कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं.

तोमास आल्फ्रेडसनचा चित्रपट २००८ चा. पटकथा लिंडक्विस्ट यांचीच, आणि त्यांनी आपल्याच पुस्तकावर निर्दयपणे कात्री चालवली आहे. एलीसोबत राहणाऱ्या होकानची कादंबरीतली पुढची भयानक कहाणी चित्रपटात नाही. पुस्तकावर जीव असलेल्यांना हे खटकतं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण त्यामुळे पडद्यावर दोन मुलांना जागा मिळाली. हवा तसा बर्फ मिळावा म्हणून बरंचसं चित्रीकरण पार उत्तरेला, लुलिओला झालं. एलीचं काम लीना लेआंदरसनने केलं, पण आवाज दुसऱ्या मुलीचा, अधिक खोल, वयाचा थांग न लागणारा. डोळे मिटून ऐकलात तर अंगावर काटा येईल.

एक प्रसंग सांगतोच. अशा प्राण्याला ‘आत ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, ही जुनी समजूत. ऑस्कर मुद्दाम ते शब्द उच्चारत नाही. एली तरीही आत येते, गप्प उभी राहते, आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागतं. ऑस्कर घाबरून तिला मिठी मारतो. मैत्री म्हणजे काय, हे इतक्या थोड्या शब्दांत दाखवलेलं मी फार कमी पाहिलंय. दोन वर्षांनी अमेरिकेत याचीच दुसरी आवृत्ती निघाली, न्यू मेक्सिकोत घडणारी. मन लावून केलेली आहे, पण मला त्यात ब्लाकेबर्ग सापडलं नाही.

वरून सगळं नीटनेटकं दिसताना आत कुणी न विचारलेलं दुःख शोधणारी हीच नजर स्वीडनच्या गुन्हेकथांत आधीपासून होती. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीवर बो विडरबर्गने १९७६ मध्ये ‘द मॅन ऑन द रूफ’ काढला. स्टॉकहोममध्ये छतावरून बंदूक चालवणारा माणूस, चौकात कोसळणारं हेलिकॉप्टर, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझा जीव मात्र त्याआधीच्या संथ तासाभरात अडकतो. पोलीस जुन्या तक्रारींच्या फायली चाळत बसलेत. त्यांतली एक त्या बंदूकधारी माणसाच्या बायकोबद्दलची. तिला मधुमेह होता. पोलिसांना वाटलं, बाई प्यायलेली आहे. तिला कोठडीत टाकलं, आणि ती तिथेच गेली. त्या तक्रारीवर काहीही कारवाई झालेली नव्हती.

पुढे गोळ्या सुटू लागतात, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती फाईलच असते.