गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

(सकाळ. पत्र्याच्या शेडखाली लाल गाडी. बॉनेट उघडं आहे.)

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडनं निघालं की शेंद्र्याची एमआयडीसी लागते. तेव्हाच्या औरंगाबादच्या या वेशीवर २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. समोर उभी आहे ती ऑक्टाव्हिया आरएस. दिसायला घरची गाडी, पण आत १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती आणि हातानं टाकायचे पाच गिअर. शाळेत असताना ही गाडी कुठं उभी दिसली की आम्ही सायकली थांबवून काचेतून तिचा मीटर बघायचो. तिचं वय आता वीसच्या पुढं गेलंय, आणि गेल्या पावसाळ्यापासून तिचे गिअर पडेनात.

एका गॅरेजात एक चक्कर मारून निकाल मिळाला होता, ‘गिअरबॉक्स गेला, दुसरा टाका.’ इतक्या जुन्या गाडीचा दुसरा गिअरबॉक्स भंगारातूनच येणार. त्याच्या पोटात काय आहे, कोण सांगणार? म्हणून गाडी उस्तादांकडे, म्हणजे या शेडमधल्या मुरलेल्या मेकॅनिककडे आणली.

उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारपूस. “थंडीत अडतो का तापल्यावर? सगळेच अडतात का एकच? टाकताना करकरतो, का टाकलेला सुटून येतो?” डॉक्टरनं नाडी धरावी तसं त्यांचं चाललं होतं. शेवटच्या प्रश्नाला मी अडखळलो. करकरणं वेगळं आणि सुटणं वेगळं, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

(उस्ताद सीटवर. इंजिन बंद. हात गिअरच्या दांड्यावर.)

पहिली परीक्षा बंद गाडीवर. क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, थेट रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर अलगद पडले. मग इंजिन चालू केलं. तोच क्लच, तोच हात, आणि दांडा अडला. रिव्हर्सला तर असा करर्र आवाज आला की शेडमधली पोरं वळून बघायला लागली.

“बंद गाडीत पडायलेत, चालू गाडीत अडायलेत. मग गिअरबॉक्सला कशाला बदनाम करायलाव?”

पेडल तळाला टेकलं तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीपासून, पूर्ण सुटत नव्हती. प्लेट फिरते, तिच्यासोबत गिअरबॉक्सचा शाफ्टही फिरत राहतो, आणि फिरत्या शाफ्टवर गिअर बसायचं नाव घेत नाही. उस्तादांनी पेडल भराभर तीन-चारदा मारलं आणि दांडा ढकलला. पडला! म्हणजे दोष ऑइलच्या दाबात होता. या गाडीत क्लचला तार नाही. ब्रेकच्याच डबीतलं ऑइल खाली गिअरबॉक्सवरच्या छोट्या सिलिंडरला ढकलतं आणि तो क्लच सोडवणारा आतला काटा हलवतो. त्या सिलिंडरची रबरी टोपी उस्तादांनी बोटानं मागे सारली.

(कॅमेरा जवळ. बोटाच्या टोकाला ओल.)

हीच ती गळती. काळसर ओल, एका थेंबाएवढी. एवढ्याशा गळतीपायी गिअरबॉक्स उतरणार होता.

तरी उस्ताद थांबले नाहीत. गाडी न्यूट्रलला ठेवून ते कानानं तपासू लागले. पाय क्लचवरून काढल्यावर घुरघुर यायची आणि दाबल्यावर थांबायची, तर इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टच्या, बेअरिंगवर संशय. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. इथं दोन्ही शांत होते. असा आवाज येतो का, हे मी कितीतरी महिने आधीच कुणाकडून तरी नीट तपासून घ्यायला हवं होतं.

नवा सिलिंडर बसला, लाइनमधली हवा काढली. चार गिअर सुधारले. दुसरा मात्र थंड गाडीत अजून करकरतो.

हे दुखणं आतलं. सिंक्रोची पितळी रिंग गिअर आणि शाफ्ट या दोन्हींची गती आधी जुळवते आणि मगच दात बसू देते. क्लच न सुटता मी ओढून-ओढून गिअर टाकत होतो, त्या प्रत्येक वेळी ती रिंग झिजत होती.

मग ऑइल काढायची वेळ आली. इथं उस्तादांचा एक नियम आहे आणि त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं, नंतरच काढायचा बोल्ट खोलायचा. वरचा गंजून बसला आणि खालून ऑइल निघून गेलं, तर गाडी जागची हलत नाही.

(उन्हात धरलेली ट्रे. ऑइलमध्ये जुन्या स्पीकरचं चुंबक फिरतंय.)

चुंबकाला राखाडी लेप चिकटला. तो वयाचा, त्याची चिंता नाही. तुकडा किंवा दात निघाला असता तर गिअरबॉक्स तिथंच उतरवावा लागला असता. पण चुंबकाला न लागलेली सोनेरी चमक ऑइलवर तरंगत होती. तेच दुसऱ्या गिअरचं पितळ. उस्तादांनी ऑइल चिमटीत चोळलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या पडल्या. आधी कुणीतरी जीएल-५ या प्रतीचं गिअर ऑइल भरलं होतं. ते डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसाठी चांगलं, पण रिंगला लागणारी पकड त्यात मिळत नाही, आणि त्यातली काही रसायनं पितळाला खातात. या गिअरबॉक्सला जीएल-४ हवं. जवळजवळ दोन लिटर भरलं.

दुपारी दौलताबादचा किल्ला मागे टाकून आम्ही खुलताबादच्या घाटाला लागलो. चढावर चौथ्यात पूर्ण रेस दिली. आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, एकटा वर पळाला नाही, गाडीही सोबत पळाली. म्हणजे क्लच प्लेट धडधाकट. उतारावर तिसऱ्यात रेसवरून पाय काढला, दांडा जागेवरच राहिला. गिअर सुटून आला असता तर दातांवर किंवा काट्यावर संशय घ्यावा लागला असता.

दुसऱ्या गिअरची रिंग एक दिवस बदलावीच लागेल, हे उस्तादांनी स्पष्ट सांगितलंय. तोवर सकाळी पहिली पाच मिनिटं मी दुसरा गिअर डबल क्लचनं टाकतो. न्यूट्रलला आलो की पाय उचलतो, पुन्हा दाबतो, मग टाकतो. घाई केली की गाडी लगेच करकरून सांगते. हळू टाकला की काही बोलत नाही.

(गाडी गल्लीतून बाहेर पडते. दुसरा गिअर पडल्याचा बारीक ‘टक्’ आवाज.)