नैरोबीत रोजचं जगणं कसं चालतं

नमस्कार. घरातल्या कुणाची बदली केनियाच्या राजधानीत, नैरोबीला, झाली की आपल्याकडे ठरावीक प्रश्न सुरू होतात. वीज असते का? पाणी मिळतं का? शाकाहारी माणसाने खायचं काय? प्रश्न काळजीपोटीच येतात. पण त्यांच्या मुळाशी एक समज असतो, आणि तो फार नुकसान करतो. तिथे कशाचीच घडी बसलेली नाही, माणसं कसेबसे दिवस काढतात, असा तो समज. प्रत्यक्षात तिथल्या रोजच्या प्रत्येक व्यवहाराला पक्की रीत आहे. ती ठाऊक नसली की आपलं अडतं, आणि अडलं की आपण देशाला नावं ठेवतो. म्हणून आज फक्त ही रीत सांगणार आहे, तीही एकाच शहराची.

एकाच शहराची, कारण आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि त्या खंडाचं क्षेत्रफळ भारताच्या नऊपट आहे. २०१४ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिमेकडच्या देशांत इबोलाची मोठी साथ आली, तेव्हा लोकांनी केनियाच्या सहली रद्द केल्या. केनियात त्या साथीचा एकही रुग्ण नव्हता. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया नैरोबीपासून पाच हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. मुंबई ते नैरोबी हे अंतर साधारण साडेचार हजार. म्हणजे नैरोबीला मन्रोव्हियापेक्षा मुंबई जवळची!

आरोग्याचा विषय निघालाच आहे, तर मलेरियाचंही बोलून घेऊ. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच. हवा थंड असल्यामुळे शहरात मलेरियाचा धोका कमी. पण मोम्बासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठचं किसुमू इथे तो खरा आहे, आणि तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे झपाट्याने बिघडणारा. गडबड अशी होते की माणूस वर्षभर नैरोबीत निर्धास्त राहतो आणि चार दिवस किनाऱ्यावर जाताना मच्छरदाणी, प्रतिबंधक गोळ्या काहीच बघत नाही. डास चावल्यानंतर ताप यायला आठवडा तरी लागतो, कधी महिनाही जातो. तोवर माणूस पुण्यात परतलेला असतो आणि डॉक्टरांना प्रवासाचं सांगत नाही. असा ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. पीतज्वराची लस मात्र भारतात परत येण्यासाठी लागतेच. ती किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

उंचीमुळे हवामानाबद्दलचा आपला अंदाजही चुकतो. जुलैत नैरोबीत रात्रीचा पारा अकरा-बारा अंशांवर येतो आणि दिवसचे दिवस आभाळ भरलेलं असतं. बऱ्याच घरांत पंखा नसतो, पण जाड रग असतात. पाऊस वर्षातून दोनदा, मोठा मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. विषुववृत्त जवळ असल्यामुळे बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपासच मावळतो. म्हणून स्वाहिलीत तास मोजतात ते सकाळी सहापासून. सात वाजले की ‘पहिला तास’, नऊ वाजले की ‘तिसरा’. घड्याळात नऊ दिसत असताना ‘सा टाटू’ म्हणजे तीन म्हणतात. सुताराने किंवा प्लंबरने स्वाहिलीत वेळ सांगितली तर सहा तासांचा हिशेब करा, नाहीतर दुपारी तीनला वाट बघत बसाल आणि तो बिचारा सकाळी नऊला येऊन गेलेला असेल. त्याच्यावर बेशिस्तीचा शिक्का मारायचं कारण नाही. इंग्रजीत ठरवलेल्या वेळेला हा हिशेब लागत नाही.

आता पैसे. हा विषय नीट समजून घ्या. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे देण्याघेण्याची सेवा, सुरू केली मार्च २००७ मध्ये, तेही साध्या बटणांच्या फोनवर. इंटरनेट लागत नाही, सिमकार्डातच मेनू असतो. त्या काळी शहरात कमावणारा माणूस गावी पैसे पाठवायचा ते बस ड्रायव्हरच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती. बँकेची शाखा दूर, खातं बहुतेकांना नाही. ही नड होती म्हणून ती रुजली. व्होडाफोनने तीच सेवा २०१३ मध्ये भारतात आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. तिथे मात्र आज भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं त्यावर चालतं.

रीत अशी. पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि त्यावरच खातं उघडा. पैसे भरायचे तर एजंटकडे जायचं. त्याची टपरी दर कोपऱ्यावर असते. रोकड आणि नंबर द्या, ओळखपत्र दाखवा. दोघांच्याही फोनवर मेसेज आल्याशिवाय हलू नका. भरण्याला शुल्क नाही, काढण्याला आहे. काढताना मेनूत भिंतीवर लिहिलेला एजंट क्रमांक, मग रक्कम, मग चार आकडी पिन. दुकानात ‘टिल’ क्रमांक असतो, तिथे तेवढा एकच क्रमांक पुरतो. शाळा, वीज, रुग्णालय इथे ‘पेबिल’ असतं. त्यात दोन क्रमांक लागतात, संस्थेचा आणि तुमच्या खात्याचा किंवा मीटरचा. नवख्या माणसाची चूक इथेच होते. दुसरा क्रमांक चुकला की पैसे दुसऱ्याच्याच मीटरवर जातात.

पैसे पाठवताना समोरच्याचं नाव पडद्यावर येतं, ते वाचा. तरीही चुकीच्या माणसाला गेले तर तो मेसेज लगेच ४५६ या क्रमांकावर पाठवायचा. समोरच्याने रक्कम अजून काढली नसेल तर परत मिळण्याची आशा असते, म्हणून मिनिटांना महत्त्व आहे. आणि ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी शिल्लक तपासा. खोटे मेसेज तयार करणारे तिथेही आहेत.

आणखी एक अडचण बाहेरच्या माणसाला हमखास कळत नाही. एजंट म्हणतो, ‘फ्लोट नाही’, म्हणजे त्याच्या फोनमधली शिल्लक संपली. ही टाळाटाळ नसते. एजंटकडे दोन साठे असतात, रोकड आणि फोनमधली शिल्लक. शहरात लोक पैसे भरून गावी पाठवतात, म्हणून शहरी एजंटच्या फोनमधली शिल्लक संपते. गावात लोक पैसे काढतात, म्हणून तिथे रोकड संपते. गावी जाणार असाल तर मोठी रक्कम तालुक्याच्या ठिकाणीच काढून घ्या, किंवा दोन-तीन एजंटांकडून थोडी थोडी.

वीजही याच फोनवरून. घराघरात प्रीपेड मीटर आहेत. पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं आणि ते घरातल्या कीपॅडवर दाबायचं. एक आकडा चुकला तर मीटर टोकन नाकारतो, पैसे जात नाहीत. सावकाश पुन्हा दाबा. ही वीज कशाची, हेही जाणून घ्या. देशातल्या विजेचा सर्वांत मोठा वाटा भूऔष्णिक आहे. नैवाशाजवळ ओल्कारियाला जमिनीच्या पोटातली वाफ वर आणून टर्बाइन फिरवतात, १९८१ पासून. वीज जाते का? जाते, विशेषतः पावसात. म्हणून मेणबत्ती किंवा दिवा जवळ असावा.

आंघोळीला गीझर क्वचित. शॉवरच्या तोंडातच तापक बसवलेला असतो. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घर घेण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘जुनं घर आहे, चालायचंच’ असं म्हणू नका, वायरमनला बोलवा. घराला बोअरचं खारट पाणी असेल तर खाऱ्या पाण्यासाठीचा वेगळा शॉवर मिळतो, तोच बसवा. साध्याचं एलिमेंट लवकर जळतं.

पाण्याबद्दलची समजूत अर्धी खरी आहे. पालिकेचं पाणी भागाभागाला वार ठरवून सोडतात, म्हणून प्रत्येक इमारतीवर टाक्या. ज्यांच्याकडे नळ नाही ते वीस लिटरच्या कॅनने विकत घेतात आणि त्यांना ते नळाच्या पाण्यापेक्षा महाग पडतं. हा अन्याय खरा आहे आणि तो झाकू नये. पण मध्यमवर्गीय घरात वेगळाच धोका असतो. नैरोबीतल्या अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लहान मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. पिण्यासाठी आरओ लावा किंवा सीलबंद पाणी घ्या. इमारतीला पाणी कुठून येतं हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारा.

प्रवासाला मटाटू. १४ जणांची व्हॅन किंवा ३३ जणांची बस, बहुतेक भडक रंगवलेली, आत गाणी. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. याला गोंधळ समजू नका. प्रत्येक गाडीला मार्ग क्रमांक असतो, प्रत्येक गाडी एखाद्या सहकारी संस्थेची सभासद असते, थांब्यावर गाड्यांची रांग ठरलेली असते. २००४ मध्ये परिवहनमंत्री जॉन मिचुकी यांनी वेगनियंत्रक, सीटबेल्ट आणि पिवळा पट्टा सक्तीचा केला, लोक आजही त्या नियमांना त्यांच्याच नावाने ओळखतात. चढण्याआधी भाडं विचारा, कारण पाऊस आला किंवा संध्याकाळ झाली की ते वाढतं. सुटे पैसे ठेवा. आणि वाहतूक तुंबली असताना उघड्या खिडकीशी फोनवर बोलू नका. हिसकावून पळतात.

खाणं. मुख्य अन्न उगाली, पांढऱ्या मक्याच्या पिठाची. चौघांसाठी लिटरभर पाणी आणि अर्धा ते पाऊण किलो पीठ, मीठ बहुधा नाही. पाणी खळखळून उकळलं पाहिजे. आधी मूठभर पीठ भुरभुरवून उकळी येऊ द्यायची, मग उरलेलं टाकून लाकडी उलथन्याने कडेला दाबत दाबत परतायचं. पाणी पुरतं उकळलं नसेल तर गुठळ्या होतात आणि कच्चट चव राहते. गोळा भांड्याची कड सोडू लागला आणि भाजल्या मक्याचा वास आला की झाकून दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि ताटात उपडं करायचं. हात धुवून घास तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने खळगा करून त्यात सुकुमा विकी ही पालेभाजी उचलायची. पीठ गुणवत्तेचा शिक्का असलेलं घ्या. ओलसर साठवलेल्या मक्यावर बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि २००४ मध्ये पूर्व केनियात त्याने शंभरहून अधिक माणसं दगावली.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. मुगाची उसळ, घेवड्याच्या दाण्यांची आमटी, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी हे साध्या खानावळीतलं रोजचं जेवण. चपातीही मिळते, तेल लावून पदर काढलेली. ती पोचली भारतीयांबरोबर. १८९६ पासून मोम्बासाहून रेल्वे टाकायला बत्तीस हजारांच्या आसपास मजूर भारतातून नेले होते, त्यांतले अडीच हजार तिथेच मेले. फक्त भाजी मटणाच्या रश्श्यात परतलेली नाही ना, एवढं विचारून घ्या.

कपड्यांबद्दल आपल्याला वाटतं की श्रीमंत देश जुने कपडे दान करतात आणि तिथले गरीब ते घालतात. तो चोख व्यापार आहे. नैरोबीच्या गिकोम्बा बाजारात साधारण ४५ किलोचे गठ्ठे येतात. विक्रेता गठ्ठा न उघडता, प्रकार आणि प्रत यांवर विश्वास ठेवून विकत घेतो. सकाळी फोडल्यावर उत्तम नग आधी चढ्या भावाने जातात, दुपारनंतर भाव उतरतो. फाटके, डागाळलेले जास्त निघाले की त्या दिवसाचं भांडवल बुडतं. असे कपडे निवडून, प्रतवारी करून आफ्रिकेला पाठवण्याचं काम गुजरातेत कांडल्यालाही होतं.

शेवटी चामा. ही आपली भिशीच. दहा बायका, दर आठवड्याला प्रत्येकी हजार शिलिंग, दहा हजार एकीला, क्रमाने. पण बरेच गट याच्या पुढे गेले आहेत. ‘टेबल बँकिंग’मध्ये बैठकीत जमलेली सगळी रक्कम त्याच बैठकीत सभासदांना व्याजाने दिली जाते, कुणाच्या घरी रोकड ठेवायचीच नाही. त्यामुळे चोरीचा आणि संशयाचा प्रश्न मिटतो. कर्जाला दोन सभासद जामीन, उशिरा येणाऱ्याला दंड, नोंदवही अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघींच्या सहीने. गट मोडतो तो बहुधा एकाच कारणाने. सुरुवातीला पाळी घेऊन गेलेली बाई नंतर हप्ता थांबवते. म्हणून नव्या सभासदाला शेवटची पाळी देतात आणि हप्ते एम-पेसावरच घेतात, म्हणजे कुणी कधी किती भरलं याचा मेसेज देणारीकडे आणि घेणारीकडे राहतो. अशा गटांनी प्लॉट घेतले आहेत, मटाटू घेतल्या आहेत. तुम्ही तिथे राहायला गेलात आणि शेजारणीने चामात बोलावलं, तर आधी नियमावली मागून वाचा. बहुतेक गटांकडे ती लिहिलेली असते.