युद्धातला अर्धा तास: मायक्रोफोनपासून एरियलपर्यंत

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या रेडिओचा विषय निघाला की बोलणं लगेच विनोदवीरांकडे आणि गाण्यांकडे वळतं. आज मला वळायचंय ते तंत्रज्ञांकडे. बॉम्ब पडत असताना लोकांना हसतं ठेवण्यात लेखकांइतकाच त्यांचाही वाटा होता, आणि त्यांना आपण फार लवकर विसरलो.

उदाहरणाला बीबीसीचा ‘इट्स दॅट मॅन अगेन’ घेऊ. विनोदवीर टॉमी हँडली यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, सुरुवात जुलै १९३९. युद्ध सुरू होताच करमणूक विभाग ब्रिस्टलला गेला, तिथंही बॉम्ब पडायला लागल्यावर १९४१ मध्ये वेल्समधल्या बँगोरला. टेड कॅव्हना संहिता लिहीत ती ताज्या बातम्यांवर, आणि ती आधी तपासली जाई. शत्रूच्या विमानांना उपयोग नको म्हणून हवामानाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. धुक्यावरचा साधा विनोदसुद्धा बाद!

सगळं थेट प्रसारण. त्या काळचा बीबीसीचा रिबन मायक्रोफोन म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लटकवलेली ॲल्युमिनियमची नागमोडी, अतिशय पातळ पट्टी. ती पुढून आणि मागून सारखंच ऐकते, बाजूंनी जवळजवळ बहिरी असते. त्यामुळे दोन नट समोरासमोर उभे राहून बोलू शकत आणि एकमेकांच्या चेहऱ्यावरून वेळ साधत. पात्र ‘निघून गेलं’ असं दाखवायला नटानं दोन पावलं बाजूला सरकलं की पुरे. आपल्याकडे माइक तपासायला फुंकर मारतात. या माइकवर मारली तर पट्टी ताणली जाते, सैल पडून ध्रुवाला घासते आणि आवाज फाटतो.

दार वाजवायचं तर खरं दार लागे: लहान चौकट, मूठ, कडी. पावसासाठी चाळणीत फिरवलेले वाळके वाटाणे, गडगडाटाला टांगलेला पत्रा. चूक होते ती वेळेत. दार अर्धा सेकंद उशिरा वाजलं की प्रेक्षकांचा हशा त्यावर पडतो आणि पुढचं वाक्य वाया जातं.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. रेडिओचं प्रक्षेपण केंद्र हे शत्रूच्या विमानाला दिशा दाखवणारं ठिकाण असतं. विमानातलं फिरतं एरियल, म्हणजे रेडिओच्या लहरी पकडणारं साधन, केंद्राकडे रोखलं की मार्ग सापडतो. केंद्रं बंद करावीत, तर देश मुका होतो आणि अफवा पसरतात. म्हणून बीबीसीनं देशांतर्गत सेवेची मध्यमलहरींवरची केंद्रं ३९१ आणि ४४९ मीटर अशा दोनच तरंगलांबींवर आणली आणि प्रत्येक तरंगलांबीवरच्या गटातली केंद्रं अचूक एका तालात चालवली. अनेक केंद्रांचा एकच सूर मिसळला की दिशा कळेनाशी होते. विमान एखाद्या केंद्राच्या सुमारे २५ मैलांच्या आत आलं, तरच ते केंद्र हवाई दलाच्या आदेशानं बंद होई. बाकीची चालूच राहत. त्या भागातल्या माणसाला कार्यक्रम तुटल्यासारखा वाटत नसे. आवाज खाली जाई, रात्री दुरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून खरखर होई, पण विनोद कळत असे. नोव्हेंबर १९४० पासून २०३.५ मीटरवर कमी शक्तीची स्थानिक केंद्रंही आली. एका हास्यकार्यक्रमामागे संरक्षणाचा एवढा खटाटोप होता, हे मला फार थोर वाटतं.

बडोद्यात हे ऐकायचं तर आधी घड्याळाचा हिशेब. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतीय वेळ एक तास पुढे होती. लंडनचं घड्याळही युद्धात हिवाळ्यात एक तास पुढेच असे, म्हणून तेव्हा लंडनचे गुरुवारचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले शुक्रवारचे पहाटेचे दोन! साहजिकच आपल्या सोयीच्या वेळी लागे ते ध्वनिमुद्रण, तेही लघुलहरींवर. संस्थानाचं स्वतःचं केंद्र इथं होतंच (१९४८ मध्ये ते आकाशवाणीत आलं), पण लंडनसाठी एरियल चांगलं हवं: पंधरा-वीस मीटर तांब्याची तार, गच्चीपेक्षा बरीच वर, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, आणि ओल्या जमिनीत अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगपाशी पाणी ओतायचं. विजा चमकू लागण्याआधीच एरियल सेटपासून काढून थेट अर्थिंगला जोडायचं. सेटमधले व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) तापेपर्यंत स्टेशन सरकत राहतं, म्हणून सेट पंधरा मिनिटं आधी लावून ठेवावा.

मुद्रणाचीही गंमत ऐका. बारा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साधारण चार मिनिटं मावत, म्हणजे अर्ध्या तासाला सात-आठ बाजू. दोन फिरत्या यंत्रांवर एक संपत आली की दुसरी तिच्याशी जुळवून सुरू करायची. जोड संवादाच्या विरामात आला तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. हशाच्या मधोमध आला की हशा मध्येच उडी मारल्यासारखा ऐकू येई. म्हणून मुद्रण करतानाच, पहिली तबकडी भरायच्या आत दुसरीवर सुई टेकवत, म्हणजे दोन्हींवर तेच काही सेकंद येत आणि जोडाची जागा निवडायला वाव राहत असे.